नातीचा निबंध आणि आजोबांची साक्ष

आमच्या घरात ‘पेपर’ या शब्दाचे आजवर दोनच अर्थ चालत आले. सकाळी दाराच्या कडीला अडकवून जातात तो एक, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांची झोप उडवितो तो दुसरा. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात आमची नात रात्री जेवताना “आजी, उद्या माझा पेपर आहे,” असे म्हणाली, तेव्हा आमच्या कुटुंबाने दुसरे दिवशी सकाळी शिरस्त्याप्रमाणे तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली आणि “प्रश्न नीट वाच, मग लिहायला लाग,” असा उपदेशही केला. नात हसून म्हणाली, “अगं आजी, या पेपरात प्रश्न मीच घालायचा असतो आणि उत्तरही मीच शोधायचं असतं. परीक्षक फक्त ते टिकतं का बघतात.” देवघराच्या उंबऱ्याशी बसून मी हा संवाद ऐकत होतो. मराठी शाळेत मुलांना प्रश्न घालण्यात माझी अडतीस वर्षे गेली. परंतु प्रश्न विद्यार्थ्याने घालावयाचा, ही रीत आमच्या वर्गात कधी शिरली नाही, हे त्या दहीसाखरेच्या निमित्ताने मला प्रथम जाणवले.

हा तिसऱ्या अर्थाचा ‘पेपर’ म्हणजे शोधनिबंध. पूर्वी एम.ए., पीएच.डी.च्या मंडळींपुरता असलेला हा प्रकार आता बी.ए.च्या वर्गापर्यंत उतरला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ पासून ‘आविष्कार’ नावाचे संशोधन-संमेलन भरते. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट निराळा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनास जागा करून दिल्यापासून तर लहानमोठ्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांची चर्चासत्रे भरू लागली आहेत. आणि आमच्या उपनगरांत आता महाविद्यालयांस तोटा नाही. अंधेरीस भवन्सचे कॉलेज १९४६ साली निघाले, विद्याविहारास सोमय्यांचे १९५९ साली, घाटकोपरास झुनझुनवाला १९६३ साली, आणि आमच्या मुलुंडास वझे-केळकर निघाले ते १९८४ साली. एके काळी कॉलेजसाठी गाडीला लोंबकळत शहराच्या दक्षिण टोकास जावे लागे. आज कित्येक घरांतील नातवंडे डबा घेऊन चालत जातात. तेव्हा हा नवा पाहुणा आज ना उद्या वाचकांच्याही घरी येणार. वडील मंडळींस त्याची तोंडओळख असावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. माझा अधिकार म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यावर डी.एड., आणि लहानपणी एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर घोकलेला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’. या तिसऱ्या पुंजीचा काही उपयोग होईल असे मला तरी वाटले नव्हते.

गोष्ट २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडाची. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असावी, असा शासननिर्णय त्या वर्षी १६ एप्रिलला निघाला. १७ जूनला तो सुधारण्यात आला. आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. या अडीच महिन्यांत बागेतील आमच्या बाकावर, लोकलच्या डब्यात, मुंजीच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. मराठीचे काय होणार यावर प्रत्येकाचे मत तयार होते, आणि मत जितके ठाम तितकी माहिती तुटपुंजी. अशा त्या गदारोळात नात एके संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसली.

“आबा, मराठी शाळा ओस का पडतात, यावर मी पेपर लिहायचं म्हणते. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. सांगा, का पडतात?”

क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणालो, “पालकांना मराठीची आस्था उरली नाही म्हणून.”

“झालं तर मग,” ती म्हणाली, “पेपर संपला.”

तिच्या बोलण्यातील खोच मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळली. आपल्या मीमांसकांनी कोणत्याही विचाराची पाच अंगे सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. त्यांत संशय हे निराळे अंग मानले आहे, याचा अर्थच असा की, संशय नसेल तर विचारास तोंडच फुटत नाही. मी मात्र मधली तीन अंगे गाळून विषयावरून निर्णयावर उडी घेतली होती. दुसरे दिवशी सकाळी मी तीस हे सांगितले. तिच्या प्राध्यापिकाबाईंनी निबंधाच्या प्रस्तावनेसंबंधी एक इंग्रजी टिपण दिले होते, ते तिने मला मराठीत समजावून दिले. पाहतो तो काय, विषय कोणता, प्रयोजन काय, निबंधाचा त्याशी संबंध कोणता, आणि तो कोणी वाचावा, हे आमचे अनुबंधचतुष्टयच निराळा पोशाख करून उभे! मला एवढा आनंद झाला की, मी तीस कार्यकारणभावाचे सगळे प्रकरण एका बैठकीत सांगून टाकले.

त्याचा सारांश येथे देणे अवश्य आहे, कारण पुढील सारा घोटाळा त्यातून निघाला. एखादी गोष्ट कारण आहे असे म्हणावयाचे, तर तिची परीक्षा दोन बाजूंनी झाली पाहिजे. कारण असेल तेथे कार्य दिसावे, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्यही दिसू नये, हा व्यतिरेक. अनास्था हे कारण धरले, तर जेथे मराठीची आस्था शाबूत आहे, त्या घरांतील मुले मराठी शाळेत आढळली पाहिजेत. “अशी घरे शोध,” मी ऐटीत म्हणालो. “ज्या घरात मराठी मासिके येतात, चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचली जाते, नाटकाची तिकिटे आधी काढली जातात, अशा घरांतील मुले कोठे शिकतात ते विचार.” ती वहीत लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली, माझ्या पाठीमागच्या पुस्तकांच्या कपाटाकडे तिने पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा लिहू लागली. कपाटात काय आहे हे मला वळून पाहावयास नको होते. त्याच कपाटासमोर बसून बूट चढवीत ही मुलगी दहावीपर्यंत रोज सकाळी इंग्रजी शाळेत गेली होती. व्यतिरेक मोडला होता, आणि तो आमच्याच घरात मोडला होता.

मी विषय बदलला. “मागे कोणी काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे,” असे म्हणून तीस मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात घेऊन गेलो. हा बदल मी पळवाट म्हणून केला, पण तो चांगलाच फळला.

नातीचा समज असा की, माध्यमाचा वाद हा दहावीस वर्षांतला. मुंबईत तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. १८४७ साली मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये यावरच खडाजंगी झाली. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, पैसा थोडा आहे तेव्हा तो इंग्रजीतून थोड्यांना उच्च शिक्षण देण्याकडे लावावा. उलट जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज जर्व्हिस यांचे म्हणणे, लोकांना ज्ञान द्यावयाचे तर ते लोकभाषेतूनच दिले पाहिजे. दोन्ही बाजूंनी लांबलचक टिपणे लिहिली गेली. ती वाचताना बागेतील आमच्या बाकावरची संभाषणे आठवतात. भाषा तेवढी अधिक सभ्य.

परंतु नातीस अधिक भावली ती त्याच्या लगेच पुढची हकीकत. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या पॅटन नावाच्या प्राध्यापकांच्या आधाराने एक सभा काढली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ हे तिचे नाव. सभासदांनी निबंध लिहून आणावयाचा, सर्वांपुढे वाचावयाचा, आणि मग इतरांनी तो फाडून पाहावयाचा, असा तिचा क्रम. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही मंडळी तिच्यात होती. तिची मराठी शाखा निराळी निघाली, तिच्याशी दादोबा पांडुरंगांचे नाव निगडित आहे, आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० साली त्याच चळवळीतून निघाले. तर या सभेपुढे १८४९ साली बेहरामजी गांधी नावाच्या सभासदाने मुलींच्या शिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, टाळ्या झाल्या. एरवी येथेच गोष्ट संपावयाची. पण त्या पोरांना स्वतःच्याच निबंधाची लाज वाटली असावी. त्यांतील काही जण पुढे झाले आणि त्याच वर्षी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. वर्गास जागा कोठली, तर लोकांच्या घरांतली. शंकरशेटांनीही आपल्या वाड्यात जागा दिली. शिक्षक कोण, तर हेच विद्यार्थी. सकाळी मुलींना शिकवावयाचे आणि मग आपल्या कॉलेजात जावयाचे. पगार नाही.

“म्हणजे पेपर वाचून झाल्यावर घरी जायचं नाही,” नात म्हणाली. तिने ते वाक्य विनोदाने म्हटले होते. मी त्यावर जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन तीस काढून दाखविले. त्यात शिक्षणाविषयी मागणी करण्यापूर्वी आपण स्वतः कोणत्या शाळा काढल्या व चालविल्या, हे ते आधी सांगतात. बोलणारा कोठे उभा आहे, हे वाचकास कळू देण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. तेव्हा मला ठाऊक नव्हते की, तीच आपल्या गळ्यात येणार आहे.

पुढे प्रश्नावली झाली. मूळ इंग्रजी मसुद्याचे मी प्रौढ मराठीत रूपांतर केले : ‘माध्यमनिवडीमागील प्रेरक घटक कोणते?’ भांडुपच्या पहिल्याच घरातील गृहिणीने ते ऐकून पदराला हात पुसले आणि “बाई, चहा टाकू का?” असे विचारले. त्या रात्री नातीने प्रश्न खोडून नवा लिहिला : ‘मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, हे तुमच्या घरात कोणी ठरवलं? आणि केव्हा?’ त्यातला ‘केव्हा’ हा शब्द तिने सहज घातला. निबंधाचे सारे चीज त्या एका शब्दाने झाले, असे माझे मत आहे.

मुलुंड, भांडुप, विक्रोळीचे कन्नमवारनगर, घाटकोपरचे पंतनगर, अशा चार वस्त्यांत मिळून तीसएक घरे तिने केली. पैकी पुष्कळ घरांत माझे जुने विद्यार्थी निघत. म्हणून पहिले दोन रविवार मी बरोबर गेलो. हे कळताच प्राध्यापिकाबाईंनी तीस विचारले, “मराठी शाळेचे गुरुजी समोर बसलेले असताना मराठी शाळेविषयी खरं कोण बोलेल?” तिसऱ्या रविवारपासून मी इमारतीच्या फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसू लागलो. हे थोडे लागले. पण बाईंचे म्हणणे बरोबर होते. मी नसताना मिळालेली उत्तरे लांब होती, आणि कडूही होती. आमच्यासारख्या शाळांत दोन वर्ग एकत्र बसवीत, वर्षाच्या मध्यास शिक्षक बदलत, हे त्यांत स्पष्ट आले होते. ते खरेच आहे. आमच्याकडे शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. त्यास संचमान्यता म्हणतात. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो, शिक्षक गेला की वर्ग जोडावे लागतात, आणि जोडवर्ग पाहून पुढल्या वर्षी आणखी पट घटतो. हे चक्र मी आतून पाहिले आहे. बाहेरून ते कसे दिसते, हे मात्र पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून कळले.

आता ‘केव्हा’चे उत्तर. नातीची आणि माझीही कल्पना अशी की, आईबाप पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी दोन शाळांची तुलना करून निर्णय घेत असतील. घरोघर निराळेच निघाले. निर्णय सहाव्या वर्षी होत नाही. तो तिसऱ्या वर्षी होऊन जातो. शेजारच्या मुलाबरोबर आपलेही पोर कोपऱ्यावरच्या बालवर्गात घातले जाते. तो बालवर्ग इंग्रजी शाळेचा असतो. तेथून मूल आपोआप वरच्या वर्गात सरकते, आणि ज्या दिवशी मराठी शाळा पहिलीसाठी आपले दार उघडते, त्या दिवशी ते तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या दारातून आत गेलेले असते. कित्येक आयांना आपण काही ‘निवडले’ हेच आठवेना. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयी बोलतो. शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून असावे, असेही त्यात आहे. पण सहाव्या वर्षी बोलणे सुरू करणारा कायदा तिसऱ्या वर्षी झालेल्या गोष्टीला काय करणार? २०२० च्या धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण आराखड्यात घेतले आहे, हे नातीने नमूद केले. सक्तीचा मार्ग तर बंदच आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्या अशी सक्ती शासनास करता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या दाव्यात ६ मे २०१४ रोजी दिला आहे. मे महिन्यात दारोदार हिंडून पटनोंदणी करताना आम्ही शिक्षक मंडळी आयांना मातृभाषेचे महत्त्व पटवीत असू. आता वाटते, तीन वर्षे उशिरा हिंडत होतो.

इथवर सर्व ठीक चालले होते. एके रात्री नात प्रश्नावलीची एक कोरी प्रत घेऊन माझ्यापुढे आली. “आबा, एक घर राहिलं आहे.”

जे सांगावयाचे ते थोडक्यात सांगतो. २००९ च्या जानेवारीत, पहाटे पाच वाजता, स्वेटर घालून, एका इंग्रजी शाळेच्या बालवर्गाचा अर्ज मिळावा म्हणून जी रांग लागली होती, तीत मी उभा होतो. माझा नंबर अकरावा होता. अर्ज या नातीसाठी होता. त्याच्या आठ महिने आधी मी भांडुपच्या चाळींतून मातृभाषेचे महत्त्व सांगत हिंडलो होतो, आणि चार महिन्यांनी पुन्हा हिंडलो. रांगेत माझा एक माजी विद्यार्थी मुलासाठी उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही असे केले.

मी प्रश्नावली भरतो म्हटल्यावर घरात बैठक बसली. धाकट्या बंधूंचे म्हणणे पडले, “दादा, आपल्या घरचं चव्हाट्यावर कशाला? तीस घरं झाली ना?” चिरंजीव गप्प होते. आमच्या कुटुंबाने, “तेव्हा सगळेच घालत होते,” एवढे म्हणून ताटे उचलली. बंधूंच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. एकत्र कुटुंबात एकाने दिलेली साक्ष सर्वांच्या नावावर लागते. शेवटी बोलल्या त्या सूनबाई. इतक्या वर्षांत त्या माझ्यापुढे इतके सलग कधी बोलल्या नव्हत्या.

“रांगेत बाबा उभे राहिले, पण हट्ट माझा होता,” त्या म्हणाल्या. “मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. गणितात पहिली यायची. अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्या दिवशी वर्गात एक अक्षर कळलं नाही. वजाबाकी, गुणाकार, कोन, सगळ्यांची नावंच बदललेली. दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. मग आर्ट्सला गेले. माझ्या मुलीला ते नको होतं. मराठीवर राग नव्हता माझा, बाबा.”

आम्हांला वाटे, सूनबाईंना वाङ्मयाची आवड म्हणून त्यांनी कलाशाखा घेतली. नातीने ते सर्व आईच्या शब्दांत लिहून घेतले आणि मग सर्वांस विचारले, “हे घालू ना?” कोणी नाही म्हटले नाही. बंधूंनी, “नावं नकोत,” एवढी अट घातली; ती तिने सर्वच घरांसाठी पाळली होती. मला एक गोष्ट मात्र खटकत राहिली. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून, ही जी सेमी-इंग्रजीची सोय मराठी शाळांतून करण्यात आली, तिची मी सेवेत असता टिंगल करीत असे. ती कोणाच्या अश्रूंवर उतारा म्हणून आली, हे मी विचारले नव्हते.

लेखनाचे मी फार सांगत नाही. तीन खर्डे झाले. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव सांगावे, हा साधा धर्म. हल्ली तो मोजण्यासाठी यंत्रे आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्याच्या टक्केवारीप्रमाणे दंडाच्या पायऱ्याही ठरविल्या आहेत. चोरीस दहा टक्क्यांपर्यंत माफी, हे माझ्या जुन्या बुद्धीस विचित्र वाटते. पण नातीने समजाविले की, ठराविक परिभाषा सर्वांचीच जुळते, तेवढ्यासाठी ती सूट. दुसरे संकट नवे आहे. तिच्या एका मैत्रिणीने आपली संदर्भसूची संगणकातील कृत्रिम बुद्धीकडून करवून घेतली. सूची देखणी होती. त्यातील दोन ग्रंथ मात्र कोठल्याच ग्रंथालयात सापडेनात, कारण ते कोणी लिहिलेच नव्हते! वडील मंडळींस इंग्रजी न येवो, संगणक न येवो, “हे पुस्तक तू स्वतः पाहिलंस का?” एवढा एक प्रश्न त्यांना विचारता येतो, आणि तो विचारावा.

वाचनाच्या दिवशी मी सभागृहाच्या शेवटच्या ओळीत बसलो. दहा मिनिटे मिळतात; आठव्या मिनिटास घंटा होते. नात मराठीत बोलली. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीस मराठीतून बोलण्यासाठी आठ दिवस आरशापुढे सराव करावा लागला, ही मौज तिची तीच सांगत असते. तीन परीक्षक होते. पहिल्याने विचारले त्याला न्यायशास्त्रात जल्प म्हणतात. समोरच्यास हरविणे एवढाच त्याचा हेतू. ती डगमगली नाही. दुसऱ्या बाईंनी विचारले, “तुमचं स्वतःचं शिक्षण कोणत्या माध्यमात झालं?”

“इंग्रजी,” ती म्हणाली. “माझे आजोबा मराठी शाळेत शिक्षक होते. माझ्या अर्जाच्या रांगेत तेच उभे होते. निबंधातलं शेवटचं घर आमचं आहे.”

सभागृहातील माना मागे वळल्या नाहीत, कारण शेवटच्या ओळीत कोण बसले आहे हे कोणास ठाऊक नव्हते. तरी मी चष्मा पुसावयास घेतला.

तिसरे परीक्षक वयस्क होते. त्यांनी शांतपणे विचारले, “आपण ज्या घरांत गेलात, ती सर्व मराठी शाळा सोडलेल्यांची. ज्यांनी मुलांना मराठी शाळेतच ठेवलं, त्यांनी तो निर्णय केव्हा घेतला, हे कोणाला विचारलंत का? त्यांचाही निर्णय तिसऱ्या वर्षीच झाला असेल, तर आपल्या ‘केव्हा’चं काय राहिलं?”

नात क्षणभर थांबली आणि म्हणाली, “नाही विचारलं, सर. राहून गेलं.”

राहून गेले होते ते माझ्यामुळे. एक व्यतिरेक तपासून मी खूश झालो, आणि मराठी शाळेत मुले ठेवलेल्या घरांकडे पाहावयाचे आम्हा दोघांनाही सुचले नाही. परीक्षकांचा प्रश्न हा खरा वाद; ज्यात दोघांनाही सत्य हवे असते, त्यास आपल्याकडे वाद म्हणत. बक्षीस दुसऱ्या कोणास मिळाले. ते रास्तच होते. घरी येताच नातीने निबंधाच्या शेवटी ‘या अभ्यासातील उणीव’ असा परिच्छेद स्वहस्ते जोडला, आणि मराठी शाळांतील मुलांची घरे कोठे मिळतील याची यादी करावयास मला बसविले.

दरम्यान, उत्तरे देणाऱ्या घरांना निबंधाची प्रत द्यावयाचे तिने कबूल केले होते. ते काम माझ्याकडे आले. पंतनगरात एका घरी गेलो. घरची बाई माझ्या हाताखालून चौथी झालेली. तिने प्रत उभ्याउभ्याच चाळली, तिसऱ्या वर्षाविषयीचे पान दोनदा वाचले, आणि आतल्या खोलीत खेळत असलेल्या धाकटीकडे पाहत म्हणाली, “गुरुजी, ही मार्चमध्ये तीन वर्षांची होईल. मग हिला कुठं घालू?”

अडतीस वर्षांचे उत्तर माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले.

“उद्या सकाळी जवळच्या दोन्ही शाळा बघून येऊ,” मी म्हणालो. “वर्गात कोण शिकवतं, किती मुलं आहेत, ते डोळ्यांनी बघू. मी येतो बरोबर.”

“नऊनंतर चालेल का, गुरुजी?” ती म्हणाली. “नऊपर्यंत पाणी असतं आमच्याकडं.”